पुण्यात नवं घर लावताना: मिस्त्री शोधण्यापासून झोपाळा टांगण्यापर्यंत

वारज्याच्या भाड्याच्या घरात राहायला येऊन चौथा दिवस होता. टॉवेलचा रॉड बसवायला आलेल्या मुलाने नळाच्या बरोबर वर ड्रिल लावलं आणि भिंतीतून पाण्याची पिचकारी थेट समोरच्या आरशावर उडाली. टाइलच्या आतून गेलेल्या पाइपला भोक पडलं होतं. त्याने अंगठा दाबून धरला, पाणी कोपरावरून खाली गळत राहिलं. मेन व्हॉल्व कुठे आहे हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. वॉचमनकाकांनी गच्चीवर जाऊन अख्ख्या विंगचं पाणी बंद करेपर्यंत वीस मिनिटं गेली. तोवर तो मुलगा तसाच अंगठा दाबून उभा होता. चेहरा पांढरा पडला होता त्याचा.

त्याच्या एकट्याची चूक नव्हती ती. 'रॉड लावायचाय, या' एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. तो आला, 'ताई, कुठे?' म्हणाला, मी बोट दाखवलं. भिंतीच्या आत काय आहे याचा विचार दोघांपैकी कोणीच केला नाही. त्यानंतर मी एक नियम धरला तो आजवर सोडलेला नाही: माणसाला आधी काम बघायला बोलवायचं, करायला नंतर. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी पुण्यात नव्याने आलेल्यांनी घर लावताना काय क्रमाने करावं, ते खाली लिहिते आहे. मुंबई, ठाणे, नाशिकलाही यातलं बहुतेक लागू पडेल.

पहिल्या दिवशीच करायच्या गोष्टी

सामान उघडण्याआधी पाण्याचे व्हॉल्व शोधा. ते बहुधा बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात, ड्राय बाल्कनीत किंवा डक्टच्या बाजूला असतात. प्रत्येक व्हॉल्व बंद करून कुठला नळ थांबतो ते बघा आणि वर मार्करने लिहून ठेवा. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व अडकलेला असतो. तो जोर लावून फिरवू नका, तुटला तर आणखी मोठं काम निघतं. प्लंबर पहिल्यांदा येईल तेव्हा त्याच्याकडून मोकळा करून घ्या.

मग विजेचा बोर्ड. एकेक एमसीबी (त्या-त्या भागाची वीज तोडणारा स्विच) पाडून कुठल्या खोलीचे दिवे जातात ते लिहा. त्याच बोर्डावर 'टेस्ट' असं बारीक बटण असलेला एक रुंद स्विच असतो, तो आरसीसीबी. घरगुती आरसीसीबी साधारणपणे 30 मिलीअँपिअरच्या गळतीला पडेल असा असतो, माणसाला शॉक बसताच वीज तोडणं हे त्याचं काम. टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडलाच पाहिजे. पडत नसेल किंवा बोर्डावर मुळात आरसीसीबीच नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तिसरी गोष्ट म्हणजे फोटो. भाड्याचं घर असेल तर भिंती, नळ, दरवाजे, ओल आलेले कोपरे यांचे फोटो त्याच दिवशी मालकांना पाठवा. भाडेकरारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच करारांत किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे आणि भिंती-छताची, मुख्य पाइपची मालकाकडे असते. भिंतीला भोक पाडण्याची परवानगी मेसेजवर का होईना, लेखी घ्या.

घर स्वतःचं आणि नवीन असेल तर एक मोठी गोष्ट लक्षात ठेवा. 2016 च्या रेरा कायद्याच्या (बिल्डर आणि घर घेणारे यांच्यातल्या व्यवहारांचा कायदा) कलम 14 नुसार, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो 30 दिवसांच्या आत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. बाथरूम खालच्या मजल्यावर गळतंय, खिडकीतून पावसाचं पाणी आत येतंय, टाइल पोकळ वाजतायत, अशा कामांना घाईने स्वतःचा मिस्त्री लावू नका. आधी बिल्डरला फोटोंसह लेखी कळवा. तुमच्या माणसाने तिथे छिन्नी लावली की 'तुम्हीच तोडलंत' म्हणायला जागा मिळते.

कोणतं काम कोणाचं

'सगळी कामं करतो' असं सांगणारा माणूस सोयीचा वाटतो. पडद्याचे रॉड, घड्याळ, फोटो, बिजागरीचे स्क्रू, कडी-कोयंडा, कपाटाची जुळणी असल्या कामांना तो खरंच चांगला. एका फेरीत दहा कामं उरकतात. पण तीन ठिकाणी त्याला हात लावू देऊ नका.

गॅसची लाइन ही त्यातली पहिली. पाइप गॅस असेल तर ओटा बदलताना पाइप सरकवायचं काम गॅस कंपनीचाच माणूस करेल. सुताराने 'मी करतो, दोन मिनिटांचं आहे' म्हटलं तरी नाही. दुसरी जागा म्हणजे बोर्डाच्या आतली वायर. ते काम आयटीआय केलेल्या, परवाना असलेल्या वायरमनचं. महावितरणच्या मीटरला आणि त्याच्या सीलला तर कोणीच हात लावायचा नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. आणि तिसरी, तुळई, कॉलम, स्लॅब. तिथे मिस्त्रीच्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत लागतं.

ड्रेनेजचं चेंबर तुंबलं तर आत माणूस उतरवायचा नाही, मग सोसायटीचे जुने लोक काहीही म्हणोत. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने त्याला बंदी आहे आणि आत साचलेल्या विषारी वायूने माणसं मेली आहेत. मशिनची गाडी बोलवा.

माणूस शोधायचा कुठे

माझा अनुभव असा की सगळ्यात खात्रीचा पत्ता कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. प्लंबर, सुतार रोज सकाळी तिथूनच माल उचलतात. कोण उधारी फेडतो, कोणाच्या कामाच्या तक्रारी परत येतात, हे दुकानदाराला ठाऊक असतं. त्याला 'चांगला प्लंबर सांगा' असं मोघम विचारू नका. 'कन्सील्ड डायव्हर्टर गळतोय, हे काम कोण नीट करतं?' असं विचारा (डायव्हर्टर म्हणजे पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीच्या आत बसवलेला भाग). उत्तर बदलतं.

वॉचमनकडे नंबर असतातच. त्याहून चांगलं म्हणजे तुमच्याच विंगमध्ये वर किंवा खाली राहणाऱ्यांना विचारणं. एकावर एक असलेल्या घरांत पाइप सारख्याच जागी असतात, म्हणून ज्याने वरच्या मजल्यावर काम केलंय त्याला तुमच्या भिंतीचा नकाशा आधीच माहीत असतो.

अर्बन कंपनीसारख्या ॲपवर दर आधी कळतो आणि वेळ ठरवता येते. एसीची सफाई, नळ बदलणे अशा ठरीव कामांना ते सोयीचं आहे. पण ओल नक्की कुठून येते हे शोधायचं असेल तर तासावर बांधलेला माणूस पुरत नाही. तिथे दोनदा येऊन बघणारा, जवळ राहणारा माणूसच हवा.

राडारोडा उतरवणे, जड सामान चढवणे, खणणे, भिंत खरवडणे अशा अंगमेहनतीच्या कामासाठी मजूर अड्डा असतो. वारजे, डांगे चौक अशा ठिकाणी सकाळी 8 ते 10 च्या सुमारास बिगारी, गवंडी, रंगारी उभे असतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकच्या सीमेवरून आलेली ही माणसं आहेत. काम काय, किती वाजेपर्यंत, जेवण कोणाचं, येण्याजाण्याचं काय, हे तिथेच ठरवा आणि मजुरी त्याच संध्याकाळी हातात द्या. शेवटच्या पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्या दिवशी दुसरं काम सोडून तो तुमच्याबरोबर आलेला असतो.

माल लागला तर बोहरी आळीत हार्डवेअर आणि तपकीर गल्लीत विजेचं सामान मिळतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळ. वायर, स्विच, गीझर घेताना आयएसआयची खूण आणि त्याखालचा परवाना क्रमांक बघा. बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तो क्रमांक टाकला की खरा-खोटा कळतो.

फोनवर काय सांगायचं

'नळ खराब झालाय' हे वाक्य ऐकून प्लंबर कुठलं सामान आणणार? तो पिशवी घेऊन येतो, बघतो, परत दुकानात जातो, आणि त्या तासाचे पैसे तुम्ही भरता. त्यापेक्षा असं सांगा:

'दादा, बाथरूममध्ये बेसिनचा नळ आहे. पूर्ण बंद केला तरी तोटीतून थेंब थेंब गळतो. अर्ध्या फेऱ्यात बंद होणारा आहे. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतला छोटा व्हॉल्व, नीट फिरतो, तो मी बंद करून ठेवलाय. फोटो पाठवते. बघायला कधी याल, आणि नुसतं बघायचे किती घ्याल?'

एवढ्यावरून त्याला कळतं की वायसर बदलून भागणार नाही, स्पिंडल (मुठीखालचा, नळाच्या आत फिरणारा भाग) लागणार. तुम्ही स्वतः स्पिंडल आणणार असाल तर जुना काढून दुकानात घेऊन जा. दिसायला सारखे असतात, पण वरचे दाते जुळले नाहीत तर मूठ बसत नाही.

फ्लशची टाकी गळतेय की नाही याची शंका असेल तर टाकीत खायचा रंग थोडा टाका आणि फ्लश न करता वीस मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतली रबरी सील गेली. हे सांगून प्लंबरला बोलावलं तर तो सील बरोबर घेऊनच येतो.

पुण्या-मुंबईत भेटणारे कितीतरी प्लंबर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातले आहेत. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा आहे आणि पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. माझे आत्ताचे प्लंबर तिथलेच. मी त्यांना मामा म्हणते, ते मला ताई. भाषा अर्धी हिंदी, अर्धी मराठी, पण भिंतीला कान लावून पाणी कुठे झिरपतंय हे सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

बघायला आल्यावर

या भेटीचे पैसे द्या. ते फुकट जात नाहीत. आलेल्या माणसाला काय दिसतं ते बोलू द्या, मधे आपलं निदान लादू नका. मग तीन प्रश्न विचारा. बिघाड कशामुळे झाला? काय तोडावं लागेल? तोडल्यावर भिंत पूर्ववत कोण करून देणार? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. प्लंबर झिरी मारून (भिंतीत खाच पाडून) पाइप बदलून जातो, गिलावा आणि टाइल गवंड्याचं काम, आणि तो चार दिवस सापडत नाही.

दर दोन तऱ्हेचे असतात, रोजावर आणि उक्ता, म्हणजे पूर्ण कामाचा एकच ठरलेला. काम किती निघेल हे आधी कळत नसेल, जसं ओलीचा उगम शोधणं, तर रोजावर घ्या. मोजता येणारं काम, म्हणजे चार पंखे, सहा फूट कपाट, एक खोली रंग, उक्तं द्या. उक्तं देताना माल कोणाचा हे आधी ठरवा. मी माल स्वतः आणते किंवा दुकानदाराला थेट पैसे देते, त्यामुळे मिस्त्रीला उचल द्यायची वेळ फारशी येत नाही. ठरलेलं सगळं त्यांच्यासमोरच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. 'दोन कन्सील्ड स्टॉप कॉक बदलणे, टाइल फुटल्यास लावून देणे, मजुरी इतकी, शनिवारी सकाळी 10' एवढं पुरे.

भिंत कसली आहे हेही याच भेटीत तपासून घ्या. ड्रिलमधून पडणारी भुकटी बघितली की कळतं. लाल भुकटी म्हणजे वीट, साधा प्लग चालतो. पांढुरकी, पिठासारखी हलकी भुकटी आणि ड्रिल लोण्यात शिरावं तसं शिरतंय, तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. त्यात साधा प्लग पकड घेत नाही. टीव्ही किंवा गीझर टांगायचा असेल तर त्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट) लागतो. राखाडी भुकटी आणि ड्रिल जागचं हलत नाही, तर काँक्रीट. माइवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनिअमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या टॉवरमध्ये बहुतेक सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात आणि त्या इमारतीचं वजन पेलतात. तिथे झिरी मारायची नाही.

नळ, गीझर, स्विचबोर्ड यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक वीत, एवढ्या पट्ट्यात भोक पाडू नका. पाइप आणि वायरी बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात. हे मला त्या टॉवेलच्या रॉडच्या आधी कोणी सांगायला हवं होतं.

झोपाळा

वाईच्या घरातला आजीचा सागवानी झोपाळा मी टेंपोत घालून पुण्याला आणला. पाट आणि पितळी कड्या मिळून जवळपास तीस किलो. टांगायला आलेल्या पहिल्या माणसाने वर बघितलं आणि म्हणाला, पंख्याच्या हुकाला अडकवू, मजबूत असतो. मी नाही म्हटलं. तुम्हीही नाहीच म्हणा. तो हुक पंख्याचं वजन धरायला ठेवलेला असतो, मागेपुढे ओढणाऱ्या माणसांचं नाही. शिवाय त्याच्या आजूबाजूला स्लॅबमधून वायरीचे पाइप गेलेले असतात.

वजनाचा हिशोब असा करा. पाट आणि कड्या तीस किलो, बसणारी दोन मोठी माणसं एकशेचाळीस, झाले 170. पण झोका 45 अंशांपर्यंत गेला तर खाली येताना कड्यांवरचा ताण स्थिर वजनाच्या दीडपटीहून जास्त होतो. म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास. पोरं उडी मारून बसली की झटका आणखी वेगळा. आमच्या इंजिनिअरने त्याच्या चौपट ताकद धरून हुक निवडायला सांगितलं. ते ऐकून खर्च वाढला, पण मन स्वस्थ झालं.

इंजिनिअरला बोलवायचं कारण एवढंच नाही. काही नव्या टॉवरमध्ये स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात, पोस्ट-टेन्शन म्हणतात तशा. ड्रिल अशा केबलला लागलं तर ती तुटू शकते आणि तिचा ताण जबरदस्त असतो. बिल्डरकडून किंवा सोसायटीकडून नकाशा मागा. नकाशा मिळत नसेल तर स्लॅबला हात लावू नका, लोखंडी स्टँडचा झोपाळा घ्या. भाड्याच्या घरातही तेच बरं.

परवानगी मिळाली की काम असं होतं. पीओपीचं छत असेल तर ते कापून खऱ्या स्लॅबपर्यंत पोचायचं. पीओपीच्या पत्र्याच्या चॅनलला काहीही टांगायचं नाही. इंजिनिअर जागा आखून देतो. भोक पाडताना आत सळई लागली तर ती कापायची नाही, भोक थोडं सरकवायचं. भोकातली धूळ पंपाने फुंकून काढायची. हे दोन मिनिटांचं काम बरेच जण टाळतात आणि अँकर तिथेच कमी पकडतो. मग अँकर फास्टनर (आवळल्यावर भोकात फुगून पकडणारा बोल्ट), त्यावर जाड पट्टी आणि वायसर, आणि पान्याने आवळणं.

मग वजन लावून बघायचं. आम्ही पाट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर ठेवला, त्यावर सिमेंटच्या 50 किलोच्या सहा गोण्या रचल्या आणि रात्रभर तसंच ठेवलं. खोलीला कुलूप. सकाळी सुतारमामांनी शिडीवर चढून प्रत्येक नटावर आणि पट्टीवर लाल रंगाची एक सलग रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट सैल झाला असं समजायचं. दर महिन्याला मी ती रेघ बघते. कड्या एकमेकींत अडकतात तिथे आतून झिजतात, म्हणून वर्षातून एकदा त्या उलट्या फिरवून बघायच्या. झोपाळ्यामागे आणि पुढे भिंतीपर्यंत मोकळी जागा ठेवा आणि टीव्ही त्याच्या रेषेत ठेवू नका.

ट्रेडमिल, सायकल आणि टेबल टेनिस

ट्रेडमिल मागवताना घरपोच देणं आणि जोडून देणं हे वेगळं आहे का ते आधी विचारा. काही वॉरंटी कंपनीच्या माणसाने जोडणी केली तरच लागू होते, कार्डावर तसं लिहिलेलं असतं. खोकं उघडण्याआधी लिफ्टचं आणि दरवाजाचं माप घ्या. 3 अश्वशक्तीची मोटर पूर्ण जोरात चालली तर सव्वादोन किलोवॅटच्या आसपास वीज घेते, म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 10 अँपिअर. साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटला ती झेपत नाही. 16 अँपिअरचा पॉइंट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. तसा पॉइंट नसेल तर जोडणीच्या आधीच्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून वेगळी वायर ओढून घ्या.

जोडून झाल्यावर पट्टा एका बाजूला सरकतोय का बघा. मागच्या रोलरचे दोन बोल्ट असतात, एल-कीने पाव-पाव फेरा फिरवून पट्टा मधोमध आणायचा. हे कारागिराकडून शिकून घ्या, कारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लागतंच. इमर्जन्सीची दोरी ओढल्यावर मशिन थांबतं का, तेही त्याच्यासमोर बघा. मागे भिंत येईल असं ठेवू नका, माणूस घसरला तर मागेच जातो. खाली जाड रबरी मॅट टाका, खालच्या मजल्यावर कोणीतरी राहतं.

मुलांची सायकल अर्धवट जोडलेली येते. पुढचा फोर्क उलटा बसवण्याची चूक फार होते. फोर्कचा वाक पुढच्या दिशेने हवा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते जोर लावून उजव्यासारखं फिरवलं तर आटे जातात. हँडलचा बोल्ट आणि दोन्ही ब्रेक स्वतः तपासा. टायरमध्ये हवा किती भरायची ते टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं. आपल्या गल्लीतल्या सायकलवाल्याकडे नेलीत तर तो हे सगळं नीट करून देतो, पैसेही फार लागत नाहीत.

टेबल टेनिसचं टेबल 2.74 मीटर लांब आणि 1.525 मीटर रुंद असतं, उंची 76 सेंटिमीटर. दोन्ही टोकांना खेळाडूला मागे सरकायला जागा लागते, म्हणून घरापेक्षा क्लब हाउस किंवा बंदिस्त पार्किंग बरं. दोन माणसांशिवाय ते उभं करायचं नाही. त्याचा अर्धा भाग अंगावर पडला तर दुखापत होते. पायाखालचे स्क्रू फिरवून लेव्हल बघा, जाळी 15.25 सेंटिमीटर उंच आली की झालं.

कामाच्या दिवशी

सोसायटीच्या कामाच्या वेळा आणि गेटवरची नोंद आदल्या दिवशीच उरकून घ्या. दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत ड्रिल चालवू देत नाहीत आणि कारागिराचे दोन तास वाया जातात. फर्निचर जुन्या चादरींनी झाका. विजेचं काम असेल तर एमसीबी तुम्ही स्वतः पाडा आणि बोर्डापाशी चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलं कोणीतरी तो चालू करतं.

खिडकीच्या बाहेर, छज्ज्यावर, एसीच्या जाळीवर कोणालाही उभं करू नका. 'मी रोज करतो' असं तो म्हणेल. सेफ्टी बेल्ट आणि तो बांधायला पक्की जागा असल्याशिवाय नाहीच. काम एक दिवस पुढे गेलं तरी चालेल. टाइल किंवा काँक्रीट कापताना मास्क आणि चष्मा द्या, घरात दोन जास्तीचे ठेवा. चहा-पाणी द्या, घरात बाथरूम आहे ते वापरा असं सांगा. ते सांगेपर्यंत बरीच माणसं विचारत नाहीत.

पैसे देण्याआधी

नळ, पाइप झाले की तो माणूस घरात असतानाच व्हॉल्व उघडा आणि जोडावर कोरडा टिशू पेपर फिरवा. डोळ्याला न दिसणारा थेंब टिशूला दिसतो. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग असेल तर नाहणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जायचं भोक) बंद करून किमान 24 तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. तोवर शेवटचा हप्ता राखून ठेवायचा, हे आधीच बोलून ठेवा, म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही. बाकी पैसे मात्र ठरल्या वेळेला द्या.

कंपनीच्या सर्व्हिसचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका. खोटे नंबर टाकलेले असतात. मशिनवरच्या स्टिकरवरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा नंबर वापरा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलातच तर लगेच 1930 वर फोन करा.

वेळ कधीची

गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधीच्या महिन्यात रंगारी, सुतार सापडत नाहीत. होळीला आणि लग्नसराईत उत्तरेकडचे बरेच कारागीर गावी जातात. गच्ची, खिडक्या, बाहेरच्या भिंती यांची कामं एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या. जूनमध्ये पाऊस लागला की ओल सुकत नाही आणि माणूसही मिळत नाही. प्लंबरमामांना मी मार्चमध्येच फोन करते. 'ताई, या वर्षी काय?' असं ते विचारतात, आणि मी फोटो पाठवते.